पॅड नवे, तरी ब्रेक किंचाळतो

पसरणी घाटातून स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन वाईला उतरणारा पिकअप खालच्या वळणांवर किंचाळू लागला, की चालकाचं निदान ठरलेलं: पॅड गेले. नवे पॅड बसतात आणि काही दिवसांत तोच आवाज परत येतो.

कारण किंचाळतो तो नुसता पॅड नव्हे. चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क, तिच्यावर घासणारा पॅड आणि त्याला दाबणारा कॅलिपर मिळून थरथरतात. घर्षणाचं बल अगदी एकसारखं राहत नाही. पॅड क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. ही थरथर डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की सेकंदाला हजारो कंपनं होतात आणि डिस्कच वाजू लागते. म्हणून पॅडमागची शिम, म्हणजे पाठीला बसणारी पातळ पट्टी, गहाळ असेल, तर कंपन शोषायला कोणी उरत नाही. पॅड बदलताना जुनी शिम फेकून दिली जाते, हा प्रकार नेहमीचा.

घाटात भर पडते उष्णतेची. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. मालासकट 3 टनांची गाडी तेवढी खाली आली की सुमारे 1.6 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. 50 लिटर पाणी उकळेल इतकी. इंजिन, टायर आणि हवा त्यातला वाटा उचलतात, पण न्यूट्रलवर उतरलात तर इंजिनाचा वाटा ब्रेकच्याच डोक्यावर. तापून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ओरडतो.

तेव्हा आधी आवाज कधी येतो ते ऐका. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येऊन थांबला, तर रात्रीच्या दवाने डिस्कवर धरलेला तो पातळ गंज, सोडून द्या. चालत्या गाडीत बारीक चिरका आवाज येतो आणि ब्रेक दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो? मग पॅडवरची इशारापट्टी डिस्कला लागत असेल, म्हणजे पॅड खरोखरच संपत आलेत. खरखर, दळल्यासारखा आवाज असेल तर गाडी तिथेच थांबवा; लोखंडावर लोखंड घासतंय. बहुतेक पिकअपना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतो, त्यामुळे आवाज पुढून की मागून, हेही पाहून घ्या.

एकाच चाकाचा पॅड जास्त झिजला किंवा ते चाक जास्त तापतं, तर संशय कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनवर. पावसाळ्यात चिखलपाणी आत जाऊन त्या अडकतात. सपाट जागी, गाडी जॅकने उचलून तिच्याखाली स्टँड लावून चाक काढा. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पिन पुसून त्यांना रबराला चालणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅडच्या पाठीला आणि टोकांनाही ब्रेकसाठीच्या ग्रीसचा पातळ हात चालतो, पण घासणाऱ्या बाजूला थेंबही नको. आवाज बंद करायला पॅडवर तेल सोडणारे लोक आहेत. आवाज बंद होतो, ब्रेकही.

धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने धुवा. गुळगुळीत झालेला पॅड हलक्या हाताने सँडपेपरवर घासता येतो. तेल प्यालेला असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदलायचे. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; त्याखाली गेलेली डिस्क लेथवर मारून उपयोग नाही, नवीच लागते.

आणि कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलून पॅड बसवले असतील, तर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिले एक-दोन दाब थेट तळाला जातात.