भयकादंबऱ्यांची चित्रपट-रूपांतरे

भयकादंबरीवर चित्रपट बेतण्याची प्रथा मूकपटांच्या काळापासून चालत आली आहे, आणि पुस्तकाला न्याय मिळाला की नाही हा वादही जवळपास तितकाच जुना आहे. इतर कादंबऱ्यांच्या बाबतीत पात्रे गाळली, प्रसंग उरकले अशी तक्रार होते. भयकादंबरीचा वाचक मात्र थिएटरातून बाहेर पडताना म्हणतो, ‘वाचताना जी टरकली होती ती पाहताना नाही.’ म्हणून इथे नुसते कथानक ताडून भागत नाही. पुस्तकातली भीती नेमकी कुठे दडली होती, आणि कॅमेऱ्याला ती सापडली का, हे तपासावे लागते.

कागदाची सोय, कॅमेऱ्याची अडचण

लेखकाला काही गोष्टी न दाखवण्याची मुभा असते. रॉबर्ट ब्लॉकच्या ‘सायको’ (१९५९) या कादंबरीची सुरुवात नॉर्मन बेट्स आणि त्याची आई यांच्या कडाक्याच्या भांडणाने होते. ‘आई म्हणाली’ एवढे लिहिले की कागदावर आई हजर होते. कॅमेऱ्यापुढे मात्र प्रश्न उभा राहतो: बाई दाखवायची की नाही? दाखवली तर रहस्य फुटते, लपवली तर प्रेक्षकाला लबाडी कळते. आल्फ्रेड हिचकॉकने १९६० च्या चित्रपटात यावर तोड काढली. मुलगा आईला उचलून जिन्यावरून खाली नेतो तेव्हा कॅमेरा संवादाच्या ओघात हळूहळू वर चढतो आणि थेट छतावरून पाहू लागतो. आई दिसते, तिचा चेहरा तेवढा दिसत नाही. पुस्तकातला नॉर्मन चाळिशीचा, स्थूल, दारू पिणारा आहे. चित्रपटात अँथनी पर्किन्स हा सडपातळ, लाजरा तरुण आला. हा बदल पुस्तकाशी सरळ प्रतारणा करणारा आहे आणि चित्रपट त्यामुळेच उभा राहतो, कारण पुस्तकातल्या नॉर्मनच्या शेजारी प्रेक्षक दोन मिनिटेही विश्वासाने बसला नसता.

शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ (१९५९) या कादंबरीत एक रात्र आहे. अंधारात शेजारच्या खोलीतून कुजबुज ऐकू येते, घाबरलेली एलेनॉर थिओडोराचा हात घट्ट धरून पडून राहते. दिवे लागतात तेव्हा थिओडोरा लांब, तिच्या स्वतःच्या पलंगावर असते. मग आपण हात कोणाचा धरला होता? रॉबर्ट वाइझने १९६३ च्या कृष्णधवल चित्रपटात हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा घेतला. भूत पडद्यावर आणलेच नाही, फक्त एक बंद दार आतल्या बाजूला फुगताना दाखवले. १९९९ मध्ये त्याच कादंबरीवर पुन्हा चित्रपट निघाला तेव्हा संगणकीय करामतींनी घराचे लाकूड आणि दगडच चालते-बोलते केले. पैसा ओतलेला दिसतो, भीती दिसत नाही.

कधी कधी चित्रपट पुस्तकालाच मागे सारतो. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) लंडनमध्ये भरदिवसा हिंडतो. उन्हाने त्याची शक्ती कमी होते, तो मरत नाही. सूर्यकिरण पडताच रक्तपिपासू नाहीसा होणे ही एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या जर्मन मूकपटाची देणगी. हा चित्रपट ‘ड्रॅक्युला’वरच बेतलेला, पण हक्क न घेताच काढला होता. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती तरीही वाचल्या, आणि आज मूळ पुस्तक न वाचलेला माणूसही ‘ऊन लागले की ड्रॅक्युला मरतो’ असे छातीठोकपणे सांगतो.

लेखकाच्या हाती पटकथा

मूळ लेखकानेच पटकथा लिहिली तर न्याय होईल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अनुभव संमिश्र आहे. विल्यम पीटर ब्लॅटीने आपल्या ‘द एक्सॉर्सिस्ट’ (१९७१) या कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली, तिला ऑस्करही मिळाले. तरीही दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनशी त्याचा वाद झालाच. झपाटलेल्या मुलीच्या खोलीबाहेर, जिन्यावर, दोन्ही पाद्री थकून बसतात. या लहान मुलीलाच का, असे धाकटा विचारतो. आपण हताश व्हावे, स्वतःकडे जनावर म्हणून पाहावे यासाठी, असे थोरला सांगतो. ब्लॅटीच्या दृष्टीने अख्खी कादंबरी या उत्तरासाठी होती. फ्रीडकिनने १९७३ च्या प्रतीतून ते काढून टाकले. खोली थंडगार करून कलाकारांच्या तोंडून खरी वाफ निघेल इतपत तयारी करणाऱ्या दिग्दर्शकाला तिथे प्रवचन नको होते. २००० च्या नव्या प्रतीत ते संभाषण परत आले. कथेचा अर्थ त्याने उजळतो, पण त्या रात्रीची धास्ती थोडी सैल पडते.

याउलट रोमान पोलान्स्कीने आयरा लेविनच्या ‘रोझमेरीज बेबी’शी (कादंबरी १९६७, चित्रपट १९६८) इतके इमान राखले की त्याची गंमत वाटावी. कादंबरीतल्या नवऱ्याने एका साप्ताहिकात शर्टाची जाहिरात पाहिल्याचा उल्लेख आहे. तो अंक कोणता, अशी विचारणा पोलान्स्कीने लेखकाकडे केली. लेविनला कबूल करावे लागले की ती जाहिरात त्याने मनानेच रचली होती.

मराठीतून गेलेली एक वाट

मराठी वाचकाला रूपांतर नवे नाही. भयकथालेखक नारायण धारप यांनी अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या कथावस्तू मराठी वाड्यांत आणि गावांत अशा मुरवल्या की अनेकांना मूळ नावे पुढे कितीतरी वर्षांनी कळली. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपाशी एकटा सापडलेला मुलगा ही किंगच्या ‘ग्रामा’ कथेतली कल्पना धारपांच्या ‘आजी’त आली. धारपांची ही गोष्ट मित्राच्या तोंडून ऐकून हादरलेल्या राही अनिल बर्वे यांनी पुढे ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट केला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीवरून आले, आणि हस्तर नावाचा शापित देव, सोन्याच्या मोहरा, पिढ्यांची हाव हे सगळे नव्याने रचलेले. अमेरिकेतल्या मेन राज्यातली आजी मराठीतून हिंदी पडद्यावर कोकणच्या मुसळधार पावसात पोचली. इथे न्याय नेमका कोणाला द्यायचा हेच सांगता येत नाही. पण साखळदंडाने जखडलेली ती म्हातारी, आणि तिच्यासमोर जेवणाचे भांडे घेऊन उभे राहिलेले पोर, यात मूळ कथेचा गाभा शाबूत आहे.

‘द शायनिंग’चा खटला

या विषयावर कुठेही बोलणे निघाले की गाडी अखेर किंगच्या ‘द शायनिंग’वर (१९७७) येते. कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलमध्ये, हंगाम संपत असताना, किंग पत्नीसह एक रात्र राहिला आणि त्यातून ही कादंबरी निघाली. हिवाळ्यात बंद पडणाऱ्या हॉटेलची राखण करायला जॅक टॉरन्स बायको-मुलाला घेऊन येतो. तो दारू सोडलेला आहे. पूर्वी एकदा संतापाच्या भरात त्याने मुलाचा हात मोडला होता. त्याला चांगला बाप व्हायचे आहे आणि हॉटेल त्याला ते होऊ देत नाही. त्या काळी आपणही पिण्याच्या आहारी गेलो होतो आणि जॅकमध्ये आपणच होतो, हे किंगने नंतर मोकळेपणी लिहिले.

स्टॅन्ली कुब्रिकने १९८० मध्ये यातला झगडाच काढून टाकला. जॅक निकल्सन नोकरीच्या मुलाखतीतच असा हसतो की हा माणूस बिघडायचा काही शिल्लक आहे असे वाटत नाही. किंगने त्या चित्रपटाला इंजिन नसलेल्या देखण्या कॅडिलॅकची उपमा दिली. पात्रापुरते पाहिले तर त्याची तक्रार रास्त आहे. पण कुब्रिकला भीती माणसात नको होती, ती जागेत हवी होती: लांबच लांब मार्गिका, लाकडी फरशीवर घरघरणारी आणि गालिच्यावर एकदम मुकी होणारी मुलाची तीनचाकी, बायको उलटत जाते ती एकाच वाक्याने भरलेली टाइप केलेली पाने. ही पाने पुस्तकात नाहीतच. इटालियन, जर्मन वगैरे प्रतींसाठी कुब्रिकने त्या-त्या भाषेतल्या वेगळ्या वाक्यांची पाने तयार करून दृश्ये घेतली.

कादंबरीत बागेतली झुडपे प्राण्यांच्या आकारात कापलेली आहेत. नजर वळली की ती थोडी जवळ सरकलेली असतात. वाचताना पाठीवर काटा येतो. कुब्रिकने ती वगळून झुडपांचा चक्रव्यूह केला. किंगने १९९७ मध्ये स्वतःच्या पटकथेवर, त्याच स्टॅन्ली हॉटेलात, तीन भागांची दूरदर्शन मालिका करवून घेतली. तिच्यात ही झुडपे संगणकाने हलवली आणि ती पाहून हसू येते. मालिका कादंबरीच्या पुष्कळ जवळ आहे, जॅकला तिथे न्याय मिळतो. आज तिची आठवण मोजक्याच लोकांना आहे.

कुब्रिकच्या चित्रपटात एक खोचक जागा आहे. पुस्तकातल्या टॉरन्स कुटुंबाची गाडी लाल फोक्सवॅगन, चित्रपटात पिवळी. हॉटेलचा आचारी बर्फातून गाडी हाकत येतो तेव्हा रस्त्याकडेला अपघात झालेला दिसतो आणि ट्रकखाली चेपलेली गाडी लाल फोक्सवॅगन असते. अनेक जण याला किंगला लगावलेला टोला मानतात.

पुस्तकाच्या शेवटी हातोडा उगारलेला जॅक क्षणभर शुद्धीवर येतो, मुलाला पळ म्हणतो. आणि त्याने विसरलेला तळघरातला बॉयलर फुटून हॉटेल जळते. कुब्रिकचा जॅक चक्रव्यूहात गोठून मरतो, हॉटेल तसेच उभे राहते. पुढे ‘द शायनिंग’चा किंगनेच लिहिलेला उत्तरभाग ‘डॉक्टर स्लीप’ (कादंबरी २०१३) पडद्यावर आणताना माइक फ्लॅनगनने २०१९ मध्ये कुब्रिकचे हॉटेल बारकाईने पुन्हा उभारले. तिथे मोठा झालेला मुलगा परत येतो. हॉटेल त्याचाही ताबा घेते, तोही क्षणभर भानावर येतो, समोरच्या मुलीला पळून जायला सांगतो. तळघरातला बॉयलर त्याने आधीच पेटवून ठेवलेला असतो, आणि किंगने १९७७ मध्ये जाळलेले हॉटेल ४२ वर्षांनी कुब्रिकच्या भिंतींसकट पेटते.