कापऱ्या हातांचा संपादक

लाकडाच्या लगद्याचा खरखरीत, स्वस्त कागद आणि वर भडक मुखपृष्ठ. अशा मासिकांना अमेरिकेत 'पल्प' म्हणत. भयकथा आणि अद्भुतकथांना वाहिलेलं 'वियर्ड टेल्स' हे त्यांपैकीच एक. मार्च १९२३मध्ये शिकागोतून त्याचा पहिला अंक निघाला आणि वर्षभरातच मासिक कर्जात बुडालं. मालक हेनेबर्गर यांनी संपादकपदासाठी भयकथालेखक लवक्राफ्ट यांना विचारलं, पण त्यांना शिकागोला जायचं नव्हतं. मग ते काम आलेली हस्तलिखितं वाचणाऱ्या फार्न्सवर्थ राइट यांच्याकडे आलं. नोव्हेंबर १९२४च्या अंकापासून १९४०पर्यंत त्यांनी ते सांभाळलं.

राइट पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते. परतल्यावर त्यांनी संगीतसमीक्षा लिहिली. लवकरच त्यांना कंपवाताने गाठलं आणि १९३०च्या सुमारास तर स्वतःची सही करणंही जमेनासं झालं. त्याच वर्षांत त्यांनी मासिकाचा सर्वांत बहराचा काळ घडवला, हे मला फार मोठं वाटतं.

लवक्राफ्ट यांच्या चाहत्यांचा राइट यांच्यावर राग आहे तो नकारांमुळे. लवक्राफ्ट यांची 'द कॉल ऑफ थुलू' त्यांनी आधी साभार परत केली. मग तरुण लेखक डोनाल्ड वॉन्ड्री शिकागोच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी कथेसाठी शब्द टाकला. राइट यांनी ती पुन्हा मागवली आणि फेब्रुवारी १९२८मध्ये छापली. १९३१मध्ये लवक्राफ्ट यांची एक लघुकादंबरी मात्र त्यांनी नाकारली ती नाकारलीच. ती फार लांब होती आणि तिचे क्रमशः भाग पाडणं अवघड होतं. लवक्राफ्ट यांना तो घाव जिव्हारी लागला. पण अंक खपला नाही तर पुढचा निघेल का, ही धास्ती ज्याच्या डोक्यावर कायम असते त्याने हात आखडता घेतला, तर मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

शिवाय होकारही मोजायला हवेत. पुढे नाटककार म्हणून गाजलेल्या टेनेसी विल्यम्स यांची पहिली कथा याच मासिकात १९२८मध्ये आली, तेव्हा ते १७ वर्षांचे होते. रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कथांचा नायक, रानटी योद्धा कोनन, डिसेंबर १९३२मध्ये इथेच अवतरला. मार्गारेट ब्रंडेज यांची पेस्टल रंगखडूंमधली मुखपृष्ठंही राइट यांच्याच काळातली. १९३५मध्ये तर त्यांनी शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' व्हर्जिल फिनले यांच्या चित्रांसह पल्पच्या रूपात काढलं. ते चाललं नाही.

१९३८मध्ये मालकी बदलली आणि मासिक न्यूयॉर्कला गेलं. प्रकृती ढासळत असतानाच १९४०च्या सुरुवातीला राइट यांच्या हातून संपादकपद गेलं आणि ते डोरोथी मॅक्इलरेथ यांच्याकडे आलं. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, राइट वारले.