एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेण्याआधी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" असं काउंटरवर कुणी विचारलं की आम्ही उलट दोन गोष्टी विचारतो: मशीन कोणतं आणि शूटिंग कशावर करता? मित्राकडे पळणारं सॉफ्टवेअर तुमच्याकडे अडकतं, तेव्हा बहुतेक वेळा ना सॉफ्टवेअर वाईट असतं ना मशीन. जोडी जुळलेली नसते, एवढंच.

मशीनमध्ये काय आहे ते घरीच बघता येतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड दिसतं. प्रोसेसरचं नाव लिहून घेताना शेवटचं अक्षर गाळू नका. इंटेलचे आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ दिसायला भाऊ-भाऊ, पण 'एफ'वाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणून क्विक सिंकही नसतं. क्विक सिंक म्हणजे व्हिडिओ उलगडण्यासाठी त्या ग्राफिक्समध्येच दिलेली वेगळी यंत्रणा. गेमिंगला 'एफ' घेऊन थोडे पैसे वाचवलेत तर ठीक. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्यांनी तिथे काटकसर करू नये.

याचं कारण फुटेजमध्ये आहे. आजचे मोबाइल आणि कॅमेरे बरंचसं शूटिंग एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका पद्धतीत, साठवतात. जागा वाचावी म्हणून त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण ठेवत नाहीत. बऱ्याच फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. नुसतं बघताना हे जाणवत नाही. पण टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप मांडतात त्या पट्टीवर) मध्येच क्लिक केलंत की ती एक फ्रेम दाखवायला आधीच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि मशीनला घाम फुटतो. त्यातून कॅमेरा १०-बिट ४:२:२ वर (रंगांचा जास्त तपशील साठवणाऱ्या सेटिंगवर) ठेवला असेल तर आणखी पंचाईत. असं एच.२६५ फुटेज इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचं क्विक सिंक उलगडू शकतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणून 'एफ' प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं जुन्या मालिकेतलं आरटीएक्स ३०६० कार्ड अशा जोडीवरही प्लेबॅक रखडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, एवढं महाग कार्ड घेऊन उपयोग काय?

आता सॉफ्टवेअर. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत व्हिडिओ काढून देते आणि त्यावर कंपनीचा शिक्काही (वॉटरमार्क) येत नाही. पण तिचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर. कार्डाची स्वतःची मेमरी निदान ४ जीबी हवी, ४केसाठी ८ असली तर बरं. ती कमी पडली की 'जीपीयू मेमरी इज फुल' असा निरोप येतो आणि काम तिथेच थांबतं. कार्ड साधं पण इंटेल प्रोसेसर दमदार, तर एडियस बघा; लग्नवाल्या स्टुडिओंत ते उगाच टिकून नाही. प्रीमियर प्रोसाठी अडोबीच एचडीला १६ आणि ४केला ३२ जीबी रॅम सुचवते, शिवाय वर्गणी सुरूच राहते. ८ जीबीचा लॅपटॉप आणि यूट्यूबसाठी फुल एचडी, एवढंच असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह पुरतं, दोन्ही मोफत. क्रॅक व्हर्जन आम्ही टाकून देत नाही; ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा.

नवीन मशीन घेण्याआधी प्रॉक्सी वापरून बघा. सॉफ्टवेअर तुमच्या क्लिपच्या हलक्या प्रती बनवतं, कटिंग त्यांच्यावर होतं आणि फायनल रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फुटेजवरून निघतं. वर सांगितलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. प्रती बनायला वेळ लागतो. जेवायला जाताना लावून ठेवा.

डिस्कचा हिशोबही धरा. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) केलेलं तासाभराचं शूटिंग ४५ जीबी होतं. चालू काम एसएसडीवर ठेवा, उरकलेली लग्नं साध्या हार्ड डिस्कवर गेली तरी चालतात.

सॉफ्टवेअर किंवा मशीन घेण्याआधी तुमच्याच कॅमेऱ्याच्या दोन-तीन क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन या, दुकानातल्या मशीनवर लावून बघू. क्लिप कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून थेट कॉपी केलेल्या असाव्यात. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप लहान करून आलेली असते, ती कुठल्याही मशीनवर छान चालते.