लष्करी अटक व लष्करी न्यायचौकशी : दहशतवादाच्या संशयितांविषयीचा कायदेवाद

दहशतवादी कृत्याचा संशय असलेल्या माणसाला पोलिसांऐवजी लष्कराच्या ताब्यात ठेवणे आणि नागरी न्यायालयाऐवजी लष्करी अधिकाऱ्यांच्या न्यायासनापुढे त्याची चौकशी करणे, या दोन्हींच्या वैधतेवर चाललेला वाद. दोन्ही गोष्टी एकत्र येतातच असे नाही. क्यूबातील ग्वांतानामोच्या तळावर अमेरिकेने ठेवलेल्या बहुसंख्य बंदींवर कधी आरोपपत्रच ठेवले गेले नाही. लष्कराने पकडलेल्या माणसाचा खटला पुढे साध्या फौजदारी न्यायालयात चालल्याचीही उदाहरणे आहेत.

संज्ञा : मराठीत ‘लष्करी कायदा’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी चालतो आणि त्यामुळे वर्तमानपत्री चर्चेत बराच गोंधळ होतो. सैनिकांच्या शिस्तीचा कायदा, म्हणजे आपल्याकडे १९५० चा आर्मी ॲक्ट, हा विधिमंडळाने केलेला आणि कलमवार लिहिलेला कायदा आहे. ‘मार्शल लॉ’ म्हणजे बंडाळीच्या वेळी नागरी सत्ता कोलमडल्यावर सेनापतीच्या हुकुमाने चालणारा कारभार. त्याला लिखित कलमे नसतात आणि त्याचा आधार फक्त गरज हा असतो. पहिल्या कायद्याखाली कोर्ट मार्शल भरते. दुसऱ्याखाली किंवा युद्धनियमांखाली जे न्यायासन बसते त्याला ‘लष्करी आयोग’ म्हणावे, असे प्रस्तुत नोंदीत मानले आहे. वादाचे मूळ एका प्रश्नात आहे : समोरचा माणूस सैनिक, शत्रूचा योद्धा की आरोप असलेला नागरिक, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते ठरवण्यात चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची?

कोल्हापूर, १८५७ : या प्रश्नाची तीन रूपे कोल्हापुराने वर्षभराच्या आत पाहिली, म्हणून त्यांचा तपशील येथे थोडा विस्ताराने दिला आहे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री येथील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीने उठाव केला. खजिना लुटला गेला आणि काही शिपाई शहराजवळच्या पागेत ठाण मांडून बसले. साताऱ्याहून घोडेस्वार घेऊन आलेल्या लेफ्टनंट केरने ती पागा घेतली. त्याला त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानाच्या याद्यांत कामगिरीची तारीख १० जुलै अशी आढळते, पण ती उठावाच्याच आधी पडते. महिना लिहिताना झालेली ही चूक असावी आणि १० ऑगस्ट ही तारीख अधिक संभवनीय वाटते.

ऑगस्टच्या मध्याला कर्नल ले ग्रँड जेकब कोल्हापुरात पोहोचला. त्याने पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि जागच्या जागी ‘ड्रमहेड कोर्ट मार्शल’ बसवले. मैदानावर मेज नसे, म्हणून पलटणीचा ढोल उभा करून त्याच्या कातड्यावर कागद ठेवायचा आणि निकाल लिहायचा, यावरून हे नाव पडले. दोषी ठरलेल्यांपैकी काहींना फाशी दिले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. शिक्षा अमानुष होत्या. तरीही कायद्याच्या दृष्टीने एक गोष्ट निर्विवाद होती : हे लोक कंपनीचे शिपाई होते आणि पलटणीच्या नियमांना बांधलेले होते.

डिसेंबरमध्ये चित्र बदलले. ६ डिसेंबरला शहराच्या वेशी बंद करून पुन्हा उठाव झाला. या वेळी उठलेले लोक बहुतांशी संस्थानचे नोकर आणि प्रजाजन होते. जेकबने वेस फोडून शहर घेतले आणि पुन्हा ढोलावरचे न्यायासन बसवून अनेकांना देहान्त शासन दिले. हे कोणत्या कायद्याखाली झाले? कंपनी सरकारने ३० मे १८५७ रोजी केलेला त्या वर्षीचा अकरावा कायदा राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी खास न्यायासने नेमू देत होता. मात्र तो कंपनीच्या मुलखासाठी होता आणि कोल्हापूर हे संस्थान होते. यावर दोन स्पष्टीकरणे संभवतात. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला होता, तेव्हा जेकबने वापरला तो छत्रपतींचाच दंडाधिकार, असे एक. दुसरे असे की हा निव्वळ मार्शल लॉ होता आणि त्याला लिखित कायद्याचा आधार शोधणेच व्यर्थ आहे. इंग्रज लेखक या प्रश्नावर फारसे थांबत नाहीत. प्रस्तुत नोंदकाराला दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. दरबाराचा दंडाधिकार वापरायचा असता तर दरबारचे न्यायाधीश बसले असते, लष्करी अधिकारी बसले नसते.

तिसरे रूप चिमासाहेबांचे. छत्रपतींच्या या धाकट्या बंधूंवर उठावाला उत्तेजन दिल्याचा संशय होता. त्यांच्यावर ना कोर्ट मार्शल झाले, ना साधा खटला. त्यांना राजकैदी म्हणून समुद्रमार्गे कराचीला नेले आणि १८६९ मध्ये ते तेथेच वारले. आरोप न ठेवता, केवळ राज्याच्या सुरक्षिततेसाठी माणसाला डांबून ठेवण्याची तरतूद मुंबई इलाख्यात १८२७ च्या पंचविसाव्या विनियमात आधीपासून होती. आजच्या स्थानबद्धतेच्या कायद्यांची वंशावळ तिथवर मागे जाते. चिमासाहेबांच्या नावाच्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या कोल्हापूरकराला हे ठाऊक असायला हवे.

सोलापूर, १९३० : मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्करी न्यायासनांनी नागरिकांना शिक्षा ठोठावल्या. या शिक्षांचा प्रश्न चनप्पा शांतीरप्पा विरुद्ध सम्राट या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला (१९३१). मार्शल लॉची गरज खरोखर होती का, हे नागरी न्यायालयाला तपासता येते, हे तत्त्व भारतीय घटनाविषयक लेखनात या निकालाच्या आधाराने मांडले जाते. संविधानाचे ३४ वे कलम मार्शल लॉच्या काळातील कृत्यांना मागाहून संरक्षण देण्याची मुभा संसदेला देते. तो पुकारावा कसा, याची तरतूद मात्र संविधानात कुठेच नाही.

अमेरिका : आधुनिक वाद मुख्यतः अमेरिकी निकालांभोवती फिरतो. यादवी युद्धात इंडियाना राज्यातील मिलिगन या नागरिकाला लष्करी आयोगाने मृत्युदंड दिला होता. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नागरी न्यायालये उघडी असतील तिथे नागरिकाला लष्करी आयोगापुढे उभे करता येत नाही. १९४२ मध्ये पाणबुडीतून किनाऱ्यावर उतरलेल्या आठ जर्मन घातपात्यांच्या प्रकरणात, म्हणजे क्विरिन निकालात, त्याच न्यायालयाने लष्करी आयोग वैध मानला. आठांपैकी सहा जणांना ८ ऑगस्टला मृत्युदंड दिला गेला आणि न्यायालयाचे सविस्तर कारणपत्र आले ते ऑक्टोबरअखेर. पुढे सरकारपक्षाने क्विरिनचा आधार वारंवार घेतला, परंतु माणूस गेल्यावर लिहिलेल्या कारणांचे वजन मिलिगनच्या निकालाइतके मानता येणार नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी १३ नोव्हेंबरला लष्करी आयोगांचा आदेश काढला आणि ११ जानेवारी २००२ रोजी पहिले बंदी ग्वांतानामोला उतरले. हा तळ क्यूबाकडून १९०३ पासून भाडेपट्ट्याने घेतलेला. भूमी क्यूबाची, तेव्हा अमेरिकी न्यायालयाचा हात तिथे पोहोचत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. बंदींना ‘शत्रू योद्धा’ ठरवल्याने त्यांना युद्धकैद्याचे हक्कही नव्हते आणि आरोपीचेही. २८ जून २००४ रोजी रसूल प्रकरणात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून अटकेचे कारण सांगायला लावणारा अर्ज (हेबिअस कॉर्पस), तिथूनही करता येतो असे ठरले. त्याच दिवशी हमदी प्रकरणात अमेरिकी नागरिक असलेल्या बंदीला आपण शत्रू योद्धा नाही हे तटस्थ निर्णयकर्त्यापुढे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे, असा निर्णय झाला. २००६ मध्ये हमदान प्रकरणात ५ विरुद्ध ३ मतांनी बुश यांचे आयोग रद्द झाले. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी नाही आणि बंदींना माणुसकीने व न्यायाने वागवण्याविषयीच्या जिनिव्हा करारांच्या सामाईक तिसऱ्या कलमाचा भंग होतो, ही त्याची कारणे. काँग्रेसने लगेच कायदा करून आयोग परत आणले आणि बंदींचा न्यायालयाचा रस्ता बंद केला. १२ जून २००८ च्या बूमेडियन निकालाने तो रस्ता ५ विरुद्ध ४ मतांनी पुन्हा उघडला.

हमदान हा ओसामा बिन लादेनचा वाहनचालक. आयोगाने त्याला २००८ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा दिली आणि अपील न्यायालयाने २०१२ मध्ये दोषसिद्धीच रद्द केली. पूर्व आफ्रिकेतील अमेरिकी वकिलातींवरच्या हल्ल्यांचा आरोपी घैलानी याला ग्वांतानामोहून न्यूयॉर्कच्या नागरी न्यायालयात आणले. तेथे २८० हून अधिक आरोपांपैकी एकच सिद्ध झाला, पण तेवढ्यावर त्याला जन्मठेप झाली. ‘नागरी न्यायालयात असे खटले टिकत नाहीत’ या म्हणण्याला आजवरचा अनुभव पाठिंबा देत नाही. खालिद शेख मोहम्मद आणि इतरांविरुद्धचा ११ सप्टेंबरचा मुख्य खटला आयोगापुढे २०१२ पासून पूर्वतयारीतच अडकला. कबुलीच्या बदल्यात मृत्युदंड टाळण्याचा २०२४ चा करार संरक्षणमंत्र्यांनी दोन दिवसांत मागे घेतला. छळाखाली मिळवलेले जबाब पुराव्यात चालतील का, हा या विलंबामागचा मोठा प्रश्न आहे. या तळावर एकूण सुमारे ७८० माणसे ठेवली गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये १५ उरली होती.

भारत : भारतात दहशतवादाच्या आरोपी नागरिकावर कोर्ट मार्शल चालत नाही. आर्मी ॲक्ट सैनिकांना आणि मोहिमेवर सैन्यासोबत असणाऱ्या मर्यादित वर्गाला लागू होतो. सैनिकाच्या हातून साधा फौजदारी गुन्हा घडला तर खटला कुठे चालावा, याची व्यवस्था १२५ आणि १२६ या कलमांत आहे. २००८ च्या मालेगाव स्फोट प्रकरणात एक सेवेतील लष्करी अधिकारी आरोपी होता, तरी खटला मुंबईच्या विशेष नागरी न्यायालयात चालला आणि ३१ जुलै २०२५ रोजी त्यात सर्व आरोपी निर्दोष सुटले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाब हा परदेशी आणि हातात शस्त्र असताना पकडलेला, म्हणजे ‘शत्रू योद्धा’ म्हणावा असाच. त्याचाही खटला आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात चालला. त्याला वकील मिळाला, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. एवढा राग, एवढे दुःख असतानाही सगळ्या पायऱ्या पाळल्या गेल्या, याचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा.

म्हणून भारतात वाद खटल्यापेक्षा अटकेवर अधिक होतो. १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा लष्कराला अटकेचा अधिकार देतो. या कायद्याचे मूळ ‘छोडो भारत’ आंदोलन दडपण्यासाठी १५ ऑगस्ट १९४२ रोजी काढलेल्या वटहुकुमात आहे. पकडलेल्या माणसाला ‘शक्य तितक्या लवकर’ जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावे, असे त्याचे पाचवे कलम सांगते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे बंधन लष्करी अटकेलाही लागू आहे असे स्पष्ट केले. त्याआधी मणिपूरच्या एका खेड्यातून लष्कराने नेलेले दोघे परतलेच नाहीत. त्यांना हजर करण्याचा आदेश न्यायालयाने १९८३ मध्ये दिला तेव्हा ‘ते आमच्याकडून निघून गेले’ असे उत्तर आले. न्यायालयाने ते मानले नाही आणि १९८४ मध्ये दोघांच्या पत्नींना प्रत्येकी एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला. माणसे मात्र मिळाली नाहीत.

आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाच्या ए. डी. एम. जबलपूर निकालाने (२८ एप्रिल १९७६) बंदीप्रत्यक्षीकरणाचे दारच बंद केले. न्या. ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल २०१७ मध्ये औपचारिकपणे रद्द झाला. आज सर्वांत जास्त वाद बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यावर आहे. आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी आणि जामिनाची अत्यंत कडक अट, या त्याच्या मुख्य तरतुदी. लष्कर यात कुठेच नाही. तरी खटल्याविना वर्षे जातात, तेव्हा प्रश्न तोच उभा राहतो. खटला लांबल्यास संविधानिक न्यायालय जामीन देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या नजीब निकालाने म्हटले.

इतर देश : पेशावरच्या शाळेवरील डिसेंबर २०१४ च्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून नागरिकांसाठी लष्करी न्यायालये उघडली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ऑगस्ट २०१५ मध्ये ११ विरुद्ध ६ मतांनी उचलून धरली. सांगलीत जन्मलेले माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना मात्र पाकिस्तानच्या जुन्या आर्मी ॲक्टखालील कोर्ट मार्शलने १० एप्रिल २०१७ रोजी मृत्युदंड दिला. सुनावणी बंद दाराआड झाली आणि भारतीय वकिलातीला त्यांना भेटू दिले नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी वकिलातीच्या संपर्काविषयीच्या व्हिएन्ना कराराचा भंग झाल्याचे ठरवून शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले. शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ ते १९७५ या काळात संशयितांना खटल्याविना डांबले गेले. इस्रायलची लष्करी न्यायालये जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँक) १९६७ पासून चालू आहेत.

कोल्हापूर खंडपीठ : १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तोवर या भागातल्या बंदिवानाच्या घरच्यांना अर्जासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागे. आता संविधानाच्या २२६ व्या कलमाखालील बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत दाखल करता येतो. तो बंदिवानाची आई, भाऊ किंवा मित्रही करू शकतो. माणूस कुठे ठेवला आहे हे अर्जदाराला ठाऊक नसले तरी अर्ज चालतो. ते सांगण्याची जबाबदारी ताब्यात घेणाऱ्यावर येते.