समुद्रावरून आल्यावर रील बादलीत बुडवू नका

सांगलीत कृष्णाकाठी गळ टाकणारी आमची मंडळी सुट्टीत आंबा घाटातून रत्नागिरीला उतरते आणि परतल्यावर रील, म्हणजे गळाच्या काठीवरची दोरी गुंडाळायची चक्री, रात्रभर गोड्या पाण्याच्या बादलीत ठेवते. 'मीठ सुटतं' हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. बाहेरचं मीठ विरघळतं खरं, पण तेच खारं पाणी फटींतून आत शिरतं आणि बेअरिंगपाशी साचून राहतं. पाइपाच्या जोरदार फवाऱ्यानेही तेच होतं, वर वाळूही आत ढकलली जाते.

'स्टेनलेस आहे, गंजणार नाही' हेही खरं नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसचा संरक्षक थर भेदून बारीक खड्डे पाडतं.

आधी ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी किती जोरात सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट आवळा, म्हणजे त्याच्या वॉशरमध्ये पाणी जाणार नाही. नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवा, फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. मग ड्रॅग सैल करूनच ठेवा. आवळलेला राहिला तर वॉशर चेपतात. लाइन रोलरला (दोरी जिच्यावरून सरकते त्या छोट्या चाकीला) तेलाचा एक थेंब द्या, त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. आणि हे सगळं मुक्कामीच उरका. घाट चढून सांगली गाठेपर्यंत मीठ सुकून घट्ट बसलेलं असतं.