माकडताप: क्यासनूरपासून बांद्यापर्यंत

सिंधुदुर्गात काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकाच वेळी येतो. फेब्रुवारीत बागांत वर्दळ सुरू होते, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा केला जातो, आणि नेमक्या याच दिवसांत त्या पातेऱ्यात खसखशीएवढी पिल्लावस्थेतली गोचीड टपून बसलेली असते. डिसेंबर ते मे हा तिचा काळ. ती चावल्याचे बहुतेकांना कळतही नाही. मग अचानक थंडीताप भरतो, डोके फुटेल असे दुखते, अंग मोडून येते आणि काहींना रक्तस्राव होतो. यावर नेमके औषध नाही. लक्षणे पाहून उपचार करायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती राहते.

गोचिडीतून माणसात येणाऱ्या या तापाच्या विषाणूचा शोध 1957 चा. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिवमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली. पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ तिथे पोहोचले तेव्हा पहिली शंका पीतज्वराची होती. मेलेल्या माकडांत, माणसांत आणि गोचिडीत मिळालेला विषाणू मात्र रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला निघाला. स्थलांतरित पक्ष्यांनी तो सैबेरियातून आणला असावा, ही कल्पना पुढे बरीच वर्षे गाजली. पुरावा काही मिळाला नाही. माकडे मेली की त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात आणि तेवढा टापू धोक्याचा होतो, हा कामाचा धडा मात्र तेव्हाच्या संशोधनातूनच मिळाला. म्हणून आजही मेलेल्या माकडाभोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी टाकतात.

काजूचा संबंधही जुना आहे. 1982-83 मध्ये कर्नाटकातल्या बेळतंगडी भागात काजू लागवडीसाठी जंगल तोडले गेले आणि दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या डोंगरांवर नंतर जे झाले ते समजून घ्यायला हे एवढे उदाहरण पुरे आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त घोळ लशीचा. आधी रशियातल्या भाऊबंद विषाणूवरची लस इथे वापरून पाहिली, ती चालली नाही. मग कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची देशी लस आली आणि 1990 पासून कर्नाटकात तिचा मोठा वापर झाला. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, आणि पुढेही दरवर्षी टोचून घ्यायचे. सुई दुखायची, दंड सुजायचा. रोजंदारीवरच्या माणसाने सुजलेल्या हाताने काजू कसे गोळा करायचे? पहिल्या डोसनंतर अनेक जण फिरकतच नसत. कर्नाटकातल्या 2005 ते 2010 च्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दोन डोसचे संरक्षण साधारण 62 टक्के, बूस्टरसह 83 टक्के निघाले. एकाच डोसने काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे लस अर्धवट घेणारा माणूस, आपण सुरक्षित आहोत असे समजून, बिनघोर जंगलात जात होता.

2022 मध्ये हिचा वापर थांबवला गेला, कारण तिची परिणामकारकता कसोटीला उतरेना. निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. पण लस कमी पडते हे एवढी वर्षे माहीत असताना पर्यायी लस तयार करायला उशीर का झाला, याचे उत्तर गोचिडीत काम करणाऱ्यांना मिळालेले नाही. 2024 च्या सुरुवातीला कर्नाटकात या तापाने पुन्हा मृत्यू झाले, तेव्हा टोचायला काहीच नव्हते. नव्या लशीचे काम आता राष्ट्रीय पातळीवर हाती घेतले आहे.

आपल्याकडे हा ताप अलीकडेच पोहोचला. 2012-13 च्या सुमारास तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडकडे दिसला, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी, जानेवारी 2016 मध्ये दोडामार्गच्या केर गावी आणि पुढच्याच वर्षी बांद्याच्या परिसरात. तोवर पुण्यात अतिघातक विषाणूंसाठीची सर्वोच्च सुरक्षा श्रेणीची प्रयोगशाळा उभी राहिली होती. त्यामुळे निदान लवकर होऊ लागले. गावपातळीवर मात्र आज जे हाती आहे ते असे: अंगाला लावायचे प्रतिबंधक तेल, पूर्ण बाह्यांचे कपडे, जंगलातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि कुठे माकड मेलेले दिसले तर हात न लावता त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवणे.