गाठ भाजणारी सुई

नाशिकच्या भांडी बाजारात गळका हंडा डाख लावायला नेला, तर आधी तो कोरडा करावा लागतो. आत पाणी राहिलं तर कितीही जाळ द्या, पत्रा हवा तसा तापत नाही. यकृताच्या कर्करोगावर सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अडचण नेमकी हीच, फक्त त्यांना हंडा रिकामा करता येत नाही. यकृतातून दर मिनिटाला एक ते दीड लिटर रक्त वाहत असतं.

या उपचाराला ॲब्लेशन म्हणतात. पोट न उघडता, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत लांब, बारीक सुई कातडीतून थेट गाठीत नेतात आणि गाठ जागच्या जागी भाजतात. रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत सुईच्या टोकातून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. पेशींतले क्षारांचे आयन सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे हेलकावतात आणि त्या घर्षणाने ऊती तापते. ६० अंशांपुढे पेशीतली प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात, पेशी मरते.

मग आच आणखी वाढवली तर? शंभर अंशांपाशी ऊतीतलं पाणी उकळतं, सुईभोवती कोळसा धरतो आणि प्रवाह पुढे जाईनासा होतो. तवा फार तापला की भाकरी वरून करपते, आत कच्ची राहते, तसंच. आतडं गाठीला चिकटून असेल तर मध्ये पाणी सोडून ते दूर सारतात. तेही ग्लुकोजचं, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते.

खरा त्रास रक्तवाहिन्यांचा. गाठीलगत ३ मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी असली की वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. त्या कडेच्या पेशी वाचतात आणि रोग पुन्हा तिथूनच डोकं वर काढू शकतो. मायक्रोवेव्ह पद्धत इथे सरस ठरते. घरच्या ओव्हनसारख्याच या लहरी पाण्याच्या रेणूंना घुसळतात, आच लवकर चढते आणि रक्ताला ती पळवायला कमी वाव मिळतो.

गाठीभोवतीची ५ ते १० मिलिमीटर निरोगी कडाही भाजावी लागते. गाठीचा व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होतं, म्हणून ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर हा उपचार चांगला चालतो, २ च्या आत सर्वांत उत्तम. आपल्या द्राक्ष बागायतदारांना १८ मिलिमीटरचा मणी नुसत्या नजरेने कळतो. गाठ तेवढी असताना सापडायला हवी.

पण ती दुखत नाही. वेदना जाणणारे मज्जातंतू यकृताच्या आवरणात असतात, आतल्या मांसल भागात नाहीत. त्यामुळे तिला शोधावंच लागतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी, कशानेही सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृतात व्रण धरून ते टणक होणं, झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. एक गाठ भाजली तरी हे थांबवायचं नाही, कारण सिऱ्हॉसिस तसाच राहतो आणि दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते.

माझे निफाडचे मामा यासाठीच दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी नाशिकला येतात. मागच्या ऑक्टोबरात द्राक्षबागेत गोडी छाटणी चालू होती म्हणून ते तारीख पुढे ढकलणार होते. मामींनी त्यांना पहिल्या एसटीत बसवलं.